समुद्राचा भोंगा

तुमच्या गावात वेळ कशावरून कळते? हातात घड्याळ तर सगळ्यांच्याच असतं. पण कुठे देवळातल्या नगाऱ्यावरून वेळ कळते, कुठे सकाळच्या पहिल्या एसटीवरून. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये ती कळायची भोंग्यावरून!

१९५४ साली पिंपरीत पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी आली. मग चिंचवड, आकुर्डी, भोसरी असे कारखाने वाढतच गेले आणि पुढे ही रांग थेट चाकणपर्यंत पोचली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. पाळी सुटली की गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. प्रत्येक सायकलच्या कॅरियरला जेवणाचा डबा. भोंगा झाला आणि गेट बंद झालं, की उशिरा आलेल्याने कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसे.

आता गंमत बघा. आज हाच पट्टा मोटारी, ट्रक आणि मोटरसायकली बनवण्यासाठी देशभर ओळखला जातो. आणि याच पट्ट्यातून आम्ही चौदा जण समुद्राला भेटायला निघालो, ते मात्र साध्या सायकलींवर! आठवी ते दहावीतली नऊ मुलं-मुली आणि पाच मोठी माणसं. आमचे पुढारी होते काका. भोसरीतल्या एका कारखान्यात ते फिटर होते आणि तीस वर्षं सायकलनेच कामावर गेले. कॅरियरला दोन्ही बाजूंनी लटकवलेल्या पिशव्या, त्यांत तंबू, चटई, कपडे, पंप, पान्हे आणि सोल्यूशनची ट्यूब. पहिल्या दिवशी मुळशीच्या धरणाकाठाने ताम्हिणी घाट उतरून आम्ही कोकणात पोचलो. दुसऱ्या दिवशी माणगाव आणि म्हसळा मागे टाकून संध्याकाळी दिवेआगर गाठलं.

तुम्हांला सांगायचं आहे ते तिसऱ्या दिवसाबद्दल. कारण त्या दिवशी आम्हांला कळलं, की समुद्रालाही भोंगा असतो. फक्त तो वाजत नाही!

पाच पाउणे पावणेचार

दिवेआगरला एका वाडीत, मालकांची परवानगी घेऊन आम्ही तंबू ठोकले होते. ‘आगर’ म्हणजे नारळी-पोफळीची बाग, हे तुम्हांला माहीत असेलच. पण या बागेत उंच झाडांच्या मधेमधे मोकळी जागा आणि कमरेएवढी लहान रोपं दिसत होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या हजारो पोफळी आणि माड आडवे झाले. पोफळीचं रोप लावलं, की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. आजोबांनी लावलेलं झाड एका दुपारी पडतं आणि नातवाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

रात्री जेवताना वाडीच्या मालकांनी, म्हणजे आजोबांनीच, विचारलं, “उद्या कुठे?”

“श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग खाडी ओलांडून वेळास,” आम्ही म्हणालो.

“हरिहरेश्वराला प्रदक्षिणा करणार असाल, तर भरती-ओहोटी बघून जा. उद्या तिथी कोणती?”

कोणालाच सांगता येईना! शेवटी आजोबांनीच भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. माघ वद्य पंचमी. “मग पंचमीची पाऊणपट किती?”

आमच्यातल्या एकाने लगेच कॅल्क्युलेटर काढला. आजोबा हसले. “अरे, पाऊणकी म्हणा! पाच पाउणे पावणेचार. म्हणजे उद्या पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. पहाटेही आणि दुपारीही. त्याच्या मधोमध, दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. झाला हिशेब!”

आहे की नाही सोपं? तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की आपल्या कोकण किनाऱ्यावरची भरतीची साधारण वेळ मिळते. पण हे असं का? भरती-ओहोटी होते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. जुन्या लोकांनी या पन्नास मिनिटांचा पाऊण तास धरला, कारण त्यांना पाऊणकी पाठ होती. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साडेबारा तासांना थोडा कमी वेळ जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला म्हणतात उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, त्याला म्हणतात भांग.

काकांनी वहीत लिहून ठेवलं : ‘हरिहरेश्वर. दहा वाजता. गेट उघडं.’

दोन पंक्चर

सकाळी सव्वासहाला दिवे लावून निघालो. थंडी होती. आमच्या टोळीचे नियम दोनच. सर्वांत पुढच्या सायकलवाल्याला आम्ही ‘म्होरक्या’ म्हणायचो आणि सर्वांत मागच्याला ‘शेपूट’. म्होरक्याच्या पुढे कोणी जायचं नाही आणि शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही. बस्स!

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणारा किनाऱ्याचा रस्ता तुम्ही एकदा तरी सायकलवरून बघाच. मोटारीतून तो अर्ध्या-पाऊण तासात संपतो. सायकलवर मात्र तो नाकाने, कानाने आणि पिंढऱ्यांनी कळतो. भरडखोल आलं हे आम्हांला पाटी दिसायच्या आधी वासाने कळलं! कोळ्यांचं गाव. सुकत घातलेली मासळी, रंगीत होड्या, जाळी विणत बसलेली माणसं. पुढे शेखाडीजवळ रस्ता समुद्राच्या इतका जवळ येतो, की उजव्या हाताला खडकावर फुटणाऱ्या लाटेचा तुषार तोंडावर येतो. चढ आला की सगळे गप्प आणि उतार आला की सगळे आरडाओरडा करणार!

आरावीच्या जवळ पहिलं पंक्चर झालं. नववीतल्या मुलाचं मागचं चाक. ट्यूब काढली, एका घरातून घमेलंभर पाणी मागून आणलं, बुडबुडे बघून भोक शोधलं, ठिगळ लावलं. वीस-पंचवीस मिनिटं गेली. दोन किलोमीटर जातो न जातो, तोच तेच चाक पुन्हा बसलं! काकांनी टायरच्या आतून हळूच बोट फिरवलं. तिथे काटा तसाच रुतलेला होता. ट्यूब नीट झाली होती, पण भोक पाडणारा गुन्हेगार टायरमध्येच लपला होता. तेव्हा लक्षात ठेवा हं, पंक्चर काढताना ठिगळाआधी काटा शोधायचा.

श्रीवर्धनला पोचायला साडेनऊ वाजले. हे पेशव्यांचं मूळ गाव. १७१३ साली पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ भट इथलेच. इथली ‘श्रीवर्धनी रोठा’ ही सुपारीही प्रसिद्ध आहे. पण आम्ही इतिहासापेक्षा घड्याळाकडेच जास्त बघत होतो. पोहे आणि चहा होईपर्यंत दहा वाजले. ओहोटीची वेळ श्रीवर्धनातच झाली आणि हरिहरेश्वर अजून अठरा-वीस किलोमीटर लांब. त्यात मध्ये चढ.

दहावीतली चार मुलं चुळबुळ करत होती. त्यांतला एक म्हणाला, “काका, आम्ही चौघं पुढे जातो. जोरात मारली तर तासाभरात पोचू. प्रदक्षिणा करून घेतो, तुम्ही मागून या.”

आठवीतली मुलगी, आमच्यातली सर्वांत धाकटी, मान खाली घालून पोहे चिवडत होती. चढावर सर्वांत जास्त वेळ तिलाच लागायचा आणि ते तिला माहीत होतं. ती हळूच म्हणाली, “नाहीतर मी टेम्पोने येऊ का?”

काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुम्ही चौघं गेलात तर कदाचित काहीसुद्धा होणार नाही. पण कोणाची चेन तुटली, कोणी पडलं, आणि ते आम्हांला तासाभराने कळलं, तर? आणि तू टेम्पोने का म्हणून येणार? तू सायकल चालवायलाच आली आहेस ना?”

चौघांची तोंडं उतरली. सगळे एकत्रच निघाले. पुढच्या चढावर म्होरक्या म्हणून काकांनी कोणाला पाठवलं असेल? आठवीतल्या त्या मुलीला! टोळी तिच्या वेगाने चालली. चौघांना ते अजिबात आवडलं नाही, हे सांगायला नकोच.

तिसरा तास

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. इथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. देवळामागच्या वाटेने वर चढून दोन कातळांमधल्या अरुंद पायऱ्या उतरल्या, की आपण खडकांच्या पायथ्याशी समुद्राच्या अगदी समोर येतो. खारं पाणी आणि वाऱ्याने त्या खडकांना मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत. प्रदक्षिणेची वाट या खडकांवरून जाते. ओहोटीत ती मोकळी असते आणि भरतीत पाण्याखाली जाते. या वाटेवर माणसं वाहून गेल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणूनच ओहोटीतच जायचं, असं इथले लोक प्रत्येकाला बजावून सांगतात.

पायऱ्यांच्या वरून बघितलं, तर खाली वाट चक्क कोरडी दिसत होती. पाच-सहा पर्यटक फोटो काढत पुढे चालले होते.

“काका, लोक जातायत की!” चौघांतला एक म्हणाला. “भरती पावणेचारला. अजून साडेतीन तास आहेत. वीस मिनिटांत फिरून येऊ!”

तुम्हांला काय वाटतं? हिशेब बरोबर वाटतो ना?

काकांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते म्हणाले, “आपण इथेच वरती पंधरा मिनिटं बसू. तो काळा खडक दिसतो ना, टोकदार? आणि त्याच्या अलीकडचा चपटा? लाटा कुठपर्यंत येतात ते बघा. मग तुम्हीच सांगा, जायचं की नाही.”

आम्ही बसलो. सुरुवातीला लाट काळ्या खडकाच्या पायाशी फुटून परत जायची. पाच मिनिटांनी ती खडकाला वळसा घालून मागे येऊ लागली. दहा मिनिटांनी चपट्या खडकाच्या कडा ओल्या झाल्या. मग दोन-तीन लहान लाटा आल्या. सगळे म्हणाले, “बघा, पाणी थांबलं!” आणि तेवढ्यात एक मोठी लाट आली, चपट्या खडकावरून सरळ पुढे गेली आणि मघाशी जिथे पर्यटक फोटो काढत उभे होते, तिथला खळगा भरून गेली. सुदैवाने ती माणसं मागे फिरली होती. शेवटचा माणूस गुडघाभर भिजून, चपला हातात घेऊन वर आला. तो हसत होता, पण त्याच्या पायांची थरथर आम्हांला दिसली.

मग काकांनी वहीत आकृती काढून दाखवली. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. पण पाणी प्रत्येक तासाला सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा हिस्से केले, तर पहिल्या तासात एकच हिस्सा चढतो. दुसऱ्या तासात दोन. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र तीन-तीन! पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी चढून जातं. दर्यावर्दी लोक हा अंदाज फार पूर्वीपासून वापरतात.

“दहाला ओहोटी झाली. आता साडेबारा. कितवा तास चालू आहे?”

“तिसरा,” तोच मुलगा म्हणाला. मग जरा थांबून, कोणी न विचारता म्हणाला, “नको जायला.”

“आमच्या गेटावर निदान भोंगा तरी वाजायचा,” काका म्हणाले. “हा न वाजवता गेट बंद करतो.”

प्रदक्षिणा झाली नाही. दर्शन झालं, कोकम सरबत झालं. आठवीतली मुलगी आता मान वर करून बघत होती.

दोन नद्यांची गोष्ट

हरिहरेश्वरहून बागमांडला जवळच आहे. तिथे सावित्री नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. सायकलींसकट आम्ही फेरीबोटीत चढलो. एसटी नाही, घाट नाही, सगळा रस्ताच पाण्यावरून! मोटारी, मोटरसायकली, टोपल्या घेतलेल्या कोळणी आणि मधोमध आमच्या चौदा सायकली.

बोटीवर काकांनी एक कोडं घातलं. ही सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तिथेच कृष्णाही उगम पावते. सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि सुमारे शंभर किलोमीटरमध्ये समुद्राला मिळते. मग आपल्या चिंचवडची पवना कुठे जाते?

“अरबी समुद्राला!” दोघं-तिघं ओरडले. पवना तर सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ उगम पावते, समुद्र तिथून फार लांब नाही. पण नाही! पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा जाऊन मिळते कृष्णेला. आळंदीची इंद्रायणी आणि चाकणजवळची भामाही त्याच वाटेच्या. आपल्या नळाला येणारं पवनेचं पाणी हजाराहून जास्त किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जातं. आपण मात्र तीन दिवसांत सायकलवरून दुसऱ्याच समुद्राला येऊन पोचलो. नदीला जे जमलं नाही ते आपल्याला जमलं, कारण आपल्याला घाट चढता येतो!

बोटीतून बाणकोटचा किल्ला दिसतो. १७५६च्या सुमारास तो इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याला व्हिक्टोरिया नाव दिलं. वेश्वीला उतरून, बाणकोटवरून, चार वाजून गेल्यावर आम्ही वेळासला पोचलो. हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. खाडीच्या अलीकडे भटांचं श्रीवर्धन, पलीकडे भानूंचं वेळास. या शेजाऱ्यांच्या घराण्यांतले लोक पुढे घाट चढून गेले आणि मराठी राज्याचे कारभारी झाले.

किनाऱ्यावर दिवा नको

तुम्ही म्हणाल, आता समुद्रकिनाऱ्यावर मस्त तंबू ठोकले असतील, शेकोटी पेटवली असेल! मुळीच नाही. वेळासच्या वाळूवर तंबू, शेकोटी, बॅटरी काही नको, असं आम्ही घरूनच ठरवून आलो होतो. गावातल्या एका घराच्या अंगणात, जांभ्या दगडाच्या गडग्याच्या आत आम्ही तंबू लावले. कारण त्या किनाऱ्यावर आपल्याआधी दुसऱ्या कोणाचा तरी हक्क आहे.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं रात्री इथे अंडी घालायला येतात. मादी वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा वळून बघत नाही! सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं आपली आपण बाहेर येतात आणि उजेडाच्या दिशेने चालत सुटतात. काळोख्या रात्री जमिनीपेक्षा समुद्राची बाजू उजळ दिसते, म्हणून ती बरोबर पाण्यात पोचतात. पण किनाऱ्यावर दिवा असला, की त्यांची दिशा चुकते. पूर्वी इथली अंडी माणसं, कुत्री आणि कोल्हे पळवायचे. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी जपायला सुरुवात केली. पुढे इथला कासव महोत्सव सुरू झाला, गावकऱ्यांनी पाहुण्यांसाठी घरं उघडली आणि अंडी राखून गावाला रोजगारही मिळाला.

संध्याकाळी पाणी ओसरू लागलं होतं. कुंपणातल्या टोपलीखाली त्या दिवशी सात पिल्लं होती. तळहातात मावतील एवढी, राखाडी. त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडलं. दोरीच्या मागे आम्ही सगळे चिडीचूप. सहा पिल्लं वल्ह्यांसारखे पाय मारत सरसर गेली. सातवं मात्र वाळूतल्या पावलाच्या खळग्यात पडलं. वर आलं, थांबलं, पुन्हा चाललं. लाटेने त्याला मागे फेकलं. ते पुन्हा चाललं. पाच-सात मिनिटं कोणी जागचं हललं नाही. दहावीतली ती चार मुलंसुद्धा! शेवटी एक लाट आली आणि वाळू रिकामी झाली.

रात्री अंगणात भात-आमटी खाताना काकांनी विचारलं, “उद्या तिथी कोणती?”

“षष्ठी!” सगळे ओरडले. “सहा पाउणे साडेचार!”

आता तुमच्यासाठी कामगिरी. घरातलं कॅलेंडर काढा, आजची तिथी बघा. वद्य पक्षातही पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन, तीन असंच मोजायचं आणि अमावास्येला पंधरा धरायचे. त्याची पाऊणपट करा आणि आज कोकणात भरती कधी ते सांगा. मग वर्तमानपत्रात किंवा भरतीच्या तक्त्यात खरी वेळ बघून ताडून पाहा. थोडा फरक पडेल, कारण हा अंदाज आहे. आणि तो आपल्या किनाऱ्यापुरताच, चेन्नईला चालायचा नाही बरं का! समुद्रावर गेलात, तर पाण्यात पाय घालण्याआधी हा हिशेब करा. आणि त्यानंतरही तिथल्या एखाद्या कोळीदादाला विचारा. तो जे सांगेल ते खरं.